ढोलीतली होडी

तळ्याकाठच्या एका रानात, जुन्या उंबराच्या ढोलीत, एक खार राहत असे. ढोली केवढी म्हणाल, तर खारीने शेपूट पसरले की भिंतीला लागावे एवढी. तिथेच तिचे झोपणे आणि तिथेच दाण्यांचा साठा. पण मुलांनो, या खारीला भारी वेड होते ते वस्तू करण्याचे! शिरीषाच्या शेंगांचा खुळखुळा कर, गवताच्या काड्यांची शिडी वीण, असे तिचे हात सदा चालू असत. एके सकाळी तिने एक पिंपळपान वाऱ्यावर तळ्यातून तुरुतुरु जाताना पाहिले आणि तिच्या अंगात जणू वारेच शिरले. आपण होडी करायची आणि तीत बसून तळ्यात जायचे! झाडावरून उड्या तर सगळ्याच खारी मारतात. पाण्यावरून गेलेली खार कुणी पाहिली होती? मात्र घाई करायला हवी होती. उन्हाळा तोंडावर आला होता, तळ्याचे पाणी रोज थोडे मागे सरत होते, आणि एकदा चिखल उघडा पडला की होडी चालवायची कशावर?

जवळच टेकडीच्या पोटात एका साळिंदराची गुहा होती. त्यालाही होडी करायची होती, आणि तीही गेली कित्येक वर्षे. गुहा एवढी ऐसपैस, की आत म्हैस सहज वळली असती. तीत उत्तमोत्तम बांबू होते, वेलींची वेटोळी होती, मेणाच्या लाद्या होत्या. नव्हती ती फक्त होडी. खार मोठ्या उत्साहाने त्याला आपला बेत सांगायला गेली, तेव्हा त्याने आधी तिच्या ढोलीची लांबी-रुंदी विचारली आणि मग मान हलवली. "असल्या खुराड्यात होड्या होत नसतात, बाई," साळिंदर म्हणाले. "आधी जागा, मग साहित्य, मग काम. माझंच बघ, एक मनासारखी वेल मिळाली की लागलोच कामाला."

खारीला एवढा धीर कुठला! तिने गळून पडलेल्या निरगुडीच्या काटक्या वेचल्या, ओघळीत उघड्या पडलेल्या पळसाच्या मुळांचा वाख, म्हणजे दोरीसारखे चिवट धागे, काढला, सावरीची सुटलेली साल आणली. मेणासाठी मधमाश्यांना देण्याजोगे तिच्याकडे काही नव्हते. मग माश्यांनी सोडून दिलेल्या एका जुन्या पोळ्याचे तुकडे तिने झाडाखालून गोळा केले. काम बाहेर करावे तर माकडे वस्तू पळवत, म्हणून ते ढोलीतच करायचे ठरले. जागा व्हावी म्हणून तिने दाण्यांचा साठा फांद्यांच्या बेचक्यांत हलवला. त्यातला अर्धा कावळ्यांनी लांबवला, पण खारीने तिकडे वळूनही पाहिले नाही. काटक्या वाकव, वाखाने बांध, फटीत मेण भर! होडी वाढू लागली तशी खार भिंतीला चिकटून काम करू लागली, आणि अंग टाकायला जागा उरली नाही तेव्हा होडीतच झोपू लागली.

होडी पुरी झाली त्या दिवशी खारीचा आनंद पोटात मावेना. होडी मात्र दारात मावेना! तिने ती सरळ ढकलली, आडवी केली, उलटी केली, पण ती काही केल्या बाहेर निघेना. काटक्या एकेक करून आत आणताना दार पुरेसे मोठे होते. आता काटक्यांची होडी झाली होती आणि दार होते तेवढेच राहिले होते. धडपड ऐकून एक सुतारपक्षी आला आणि दार रुंद करून देतो म्हणाला. खारीला मोह झाला. तळ्याच्या कडेला चिखल दिसू लागला होता. पण या एवढ्याशा दारामुळेच रानमांजराचे डोके आत शिरत नसे, आणि ते रोज उंबराखाली घुटमळून जाई. सुतारपक्ष्यालाही ते पटले. "एक तर दार मोडेल, नाही तर होडी," तो म्हणाला. "तूच ठरव." तेवढ्यात साळिंदर बातमी ऐकून आलेच. मी आधीच सांगितले होते, असे त्याने खालूनच वर ऐकवले, आणि हसताना त्याचे काटे खळखळ वाजले.

खार ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने पहिली गाठ सोडली. ती सोडताना तिला जिवावर आले होते. पण दुसरी सोडताना तिच्या ध्यानात आले, की ही गाठ आपणच मारली आहे आणि हवी तेव्हा पुन्हा मारता येईल. कुठली काटकी कुठे बसते, हे तिला आता डोळे मिटूनही सांगता आले असते. अरे, ही होडी मोडते कुठे आहे? ही तर दारातून बाहेर पडते आहे, तुकड्या-तुकड्याने! खारीचे हात भराभर चालू लागले. ती एकेक भाग दाराबाहेर काढी आणि सुतारपक्षी तो चोचीत धरून पाण्याकाठी नेऊन ठेवी. काठावर तिने पुन्हा जोडणी केली, तीही पहिल्यापेक्षा चटकन, आणि पहिल्या वेळी वाकडी बसलेली काटकीसुद्धा आता सरळ बसली.

शेवटी पिंपळपानाचे शीड उभे राहिले आणि होडी पाण्यात गेली. ती जराशी कलली, एका फटीतून गळूही लागली. खारीने तिथे मेणाचा गोळा दाबून धरला. वारा आला, शीड फुगले आणि खार निघाली! खालून मासे पळत होते, वरून सुतारपक्षी उडत होता, आणि तळ्याच्या मधोमध बसून खार आनंदाने चीत्कारत होती. साळिंदर काठावर थक्क होऊन पाहत राहिले. ती परत येताच त्याने विचारले, "असली वेल तुला मिळाली तरी कुठे?"

"वेल नाही, वाख आहे. पळसाच्या मुळाचा," खार म्हणाली.

साळिंदराने त्याच दिवशी ढीगभर वाख गुहेत आणून नीट रचून ठेवला. तळे आटून चिखलाला भेगा पडल्या, तेव्हा ते त्यातला चांगला वाख कुठला ते निवडत बसले होते. खारीची होडी एव्हाना सुटी होऊन तिच्या अंथरुणाखाली गेली होती, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिने एक पाळणा करायला घेतला होता. या खेपेला तिने सगळ्यात आधी दार मोजले होते.

तात्पर्य : अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूण लहान आहे म्हणून पाय पोटाशी घेऊन बसू नये.