सरदारांची फीत आणि भास्कररावांचा चहा

भास्करराव टिळवे जुन्या पदकांचे मोठे जाणकार, असं निदान त्यांना वाटायचं. घरी मात्र चहासुद्धा दोनदा मागावा लागे.

सरदार शितोळ्यांनी त्यांना भर मेजवानीत गाठलं. "हे जर्मनीच्या कैसरच्या सैन्याचं पदक. तुम्ही त्याची फीत नवी म्हणता? हात न लावता सिद्ध करा, नाहीतर संग्रहालयाची सल्लागारकी सोडा!"

फीत चांगली पिवळी पडलेली. पाहुणे हसले. भास्कररावांनी दिवे मालवायला लावले आणि खोट्या नोटा घेऊन फसल्यापासून खिशात बाळगलेला, नोटा तपासायचा जांभळा दिवा पेटवला. अंधारात फितीचे पांढरे पट्टे लख्ख चमकले आणि भास्कररावांचा सदराही.

"ही चमक हल्लीच्या धाग्याची, नाहीतर हल्लीच्या साबणाची. कैसरकडे दोन्ही नव्हतं."

"मग धुतली असेल कुणी!" सरदार गरजले.

"धुतली, तर हे पिवळे डाग कसे राहिले? ते नंतर चढवलेत, चहात बुडवून," भास्करराव म्हणाले. "नशीबवान आहे फीत. तुमच्याकडे तिला न मागता चहा मिळतो."