तीन अजगरांच्या शेपट्यांची गाठ

एकदा काय झालं, एक भली मोठी चूक झाली, आणि ती केली झुंजार राजानं. म्हाताऱ्या प्रधानांचं ऐकून त्यानं राज्यातले तिन्ही लोखंडी अजगर गबरशेट नावाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकले. कोळसा खाणारे, वाफ सोडणारे, पाठीवर अख्खं गाव वाहून नेणारे अजगर, बरं का!

गबरशेटनं तिघांच्या शेपट्यांची गाठ मारली. मग त्याच्या मर्जीशिवाय एकही हलेना. त्याचा माल पुढे, लोकांची संत्री वाटेतच सडायची. कोळशाच्या खाणीही त्याच्याच. माणसं पहाटे अंधारात आत उतरायची, ती अंधार पडल्यावरच वर यायची. शेवटी त्यांनी कुदळी टाकल्या. अजगर उपाशी, चुली गार, आणि थंडी तर अगदी दाराशी आलेली!

मग राजानं दरबार भरवला. तिथली रीत अशी, की आधी सगळ्यात म्हाताऱ्यानं बोलायचं, मग त्याच्याहून लहानानं. रीत मोडेल त्याची गादी जाणार. पहिल्या दिवशी म्हातारे बोलत बसले, दिवस मावळला. दुसऱ्या दिवशीही तेच. घाण यांनीच केली, आणि अक्कलही हेच शिकवत होते!

तिसऱ्या दिवशी राजा ताडकन उठला. खाणीतली तुळसा दाराशी उभी होती, सगळ्यांत लहान.

"तुळसाबाई, आधी तुम्ही बोला."

"महाराज, गादी जाईल!" थोरले प्रधान ओरडले.

"आजोबा, गप्प बसा."

तुळसा म्हणाली, "आम्हाला रोज ऊन दिसू द्या. कोळसा आजच देतो."

गबरशेट फिस्सकन हसला. "आधी तोंड धुऊन ये!"

"तुमच्याच खाणीची काजळी आहे, शेट."

झालं! राजानं तिथंच हुकूम सोडला. अर्धाच दिवस खाण, आणि ज्याचा माल आधी येईल त्याचा आधी जाईल. मग तलवार उपसून तो अजगर पडले होते त्या माळावर धावला. सपकन! सपकन! सपकन! तीन घावांत गाठ तुटली. तुळसाच्या माणसांनी टोपल्याच्या टोपल्या कोळसा ओतला. अजगर असे फुत्कारले, की डोंगर हलले! एक निघाला संत्री घेऊन, एक कोळसा घेऊन, आणि तिसऱ्यासाठी गबरशेट रांगेत उभा, सगळ्यांच्या मागे!

चुली पेटल्या. खाणीतली माणसं उन्हात बसून जेवली. सगळे सुखानं नांदले. मिटा आता डोळे.

राजाचं काय? म्हाताऱ्यांनी रीत लावलीच. त्याची गादी गेली.