एकसारख्या दुकानांचं बंदर

कोण्या एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं. पाणी खोल, किनारा देखणा. राजाने हौसेने तिथे दगडी धक्का बांधला, आणि सुगी संपली की दूरदेशीच्या हौशी प्रवाशांना घेऊन एक मोठं शिडाचं जहाज हंगामभर तिथे खेपा करायला लागलं. सकाळच्या भरतीला ते नांगर टाकायचं आणि संध्याकाळच्या भरतीला निघून जायचं. मधल्या वेळात प्रवासी होड्यांतून उतरायचे आणि धक्क्यापासून देवळापर्यंत जाणाऱ्या गल्लीतून हिंडायचे.

त्या गल्लीत आवडाबाई नावाची एक बाई खानावळ चालवायची. तिचा नवरा मालाच्या गलबतावर होता, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घर तिच्यावरच होतं.

आवडाबाईला एक सवय होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्याकडे नीट बघायची. तिने बघितलं की जहाजातून उतरलेली माणसं जमिनीवर पाऊल ठेवताच डोलतात. त्यांना अजून समुद्रच लागत असतो. कोणी डोकं धरतं, कोणी भिंत धरतं. आणि नेमकं तेव्हाच गल्लीतले सगळे दुकानदार त्यांच्या अंगावर धावून जातात, "घ्या हो घ्या, नारळ घ्या, शंख घ्या!"

आवडाबाईने दारापुढच्या उंडीच्या झाडाखाली चटया टाकल्या. जिरं-मीठ घालून कोकमाचं गार सरबत केलं. आलेल्या माणसाला ती म्हणायची, "बसा जरा. पाय थाऱ्यावर येऊ देत." बस, एवढंच. माणसं बसायची, प्यायची, ताजीतवानी होऊन गाव बघायला जायची आणि जाताना पुन्हा येऊन बसायची.

पुढच्या खेपेला समोरच्या बाबलशेटच्या दारातही चटया होत्या, आणि कोकमाचं सरबत होतं. त्याच्या पुढच्या खेपेला कुंभाराने सरबत काढलं, जाळी विणणाऱ्याने काढलं, देवळाबाहेरच्या फुलवालीनेही काढलं. गल्लीत जिकडे बघावं तिकडे चटया आणि सरबत.

"बाबलभावजी," आवडाबाई म्हणाली, "तुमचं तर दोरखंडाचं दुकान. सरबत कुठून सुचलं?"

"सुचायचं काय त्यात?" बाबलशेट म्हणाला. "समोर दिसलं."

"आणि दोर?"

"दोर कोण घेतंय, आवडे? लोक सरबत पितात."

आवडाबाईने मनाशी म्हटलं, जाऊ दे. तिने दुसरं काही शोधलं. प्रवासी तिच्या चुलीपाशी डोकावतात, हे तिने पाहिलं होतं. तिने त्यांना हातात डाव देऊन तव्यावर घावन घालायला बसवलं. वेडेवाकडे घावन निघायचे आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. पुढच्या खेपेला गल्लीभर चुली पेटल्या. धुराने लोकांचे डोळे झोंबले. तिने मग ओहोटीला प्रवाशांना खाडीच्या वाळूत नेऊन शिंपल्या काढायला शिकवलं. पुढच्या खेपेला सगळी गल्ली प्रवाशांना हाताला धरून चिखलात ओढायला लागली. एका गृहस्थाला दोघांनी दोन बाजूंनी ओढलं आणि त्याची पादत्राणं चिखलात रुतली ती कायमचीच.

आता अशा माणसांना काय म्हणावं! आवडाबाई कपाळाला हात लावून दारात बसली.

इकडे राजाच्या कानावर गेलं की धक्का एवढा मोठा बांधला, जहाजही येतं, पण बंदराची भरभराट काही होत नाही. राजाने आपल्या दरबारातल्या सुलक्षणा नावाच्या विदुषीला पाठवलं. व्यापारउदीम कसा चालतो, कुठे अडतो, याचा अभ्यास करणं हेच तिचं काम.

सुलक्षणा हुशार होती आणि चिकाटीची होती. ती दुकानदारांशी बोलली. सगळे म्हणाले, "छान चाललंय." मग ती परत निघालेल्या प्रवाशांबरोबर होडीत बसून जहाजापर्यंत गेली आणि त्यांना विचारत राहिली. काय पाहिलंत? कुठे बसलात? परत याल का? खेपेमागून खेप तिने हेच केलं. शेवटी तिने देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना जमवलं.

"तुमचे पाहुणे पहिल्या दुकानात मनापासून हसतात," ती म्हणाली. "दुसऱ्यात हसल्यासारखं करतात. तिसऱ्यात तेच सरबत आणि तीच चूल दिसली की सरळ होडीकडे वळतात. कुठलं दुकान कुठलं, हे त्यांना सांगता येत नाही. एकट्या आवडाबाईचं नाव तेवढं त्यांच्या लक्षात राहतं. तुम्ही तिने केलेली वस्तू उचललीत. पण ती वस्तू तिला सुचली कशी, ते कोणी बघितलंच नाही. प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी करा."

"अगदी बरोबर बोललात," जाळीवाला म्हणाला.

"शंभर टक्के," कुंभार म्हणाला.

बाबलशेटने तर उठून हात जोडले.

पुढच्या खेपेला बाबलशेटच्या दारावर नवी पाटी लागली होती: 'खऱ्या आवडाबाईचं खरं सरबत'.

सुलक्षणा पाटीपुढे उभी राहिली. "मी... मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई," बाबलशेट भोळेपणाने म्हणाला, "आवडाबाईचं नाव लोकांच्या लक्षात राहतं म्हणून?"

सुलक्षणा तिथल्याच चटईवर मटकन बसली. बाबलशेटने तिला सरबत दिलं.

पण गोष्ट हसण्यावारी राहिली नाही. गल्लीभर सरबत चालल्यावर गावातली कोकमं संपत आली. बाबलशेटने रानातून कसलीशी लाल फळं आणली आणि त्यांचा रस सरबतात मिसळला. रंग तोच, चवही जवळपास तीच. त्या दिवशी जहाज सुटलं आणि वाटेतच प्रवाशांच्या आणि काही खलाशांच्याही पोटात कळा सुरू झाल्या. एक लहान मूल तर दोन दिवस डोळे उघडेना. त्याची आई जहाजावर नवस बोलत बसली. मूल वाचलं, पण कसंबसं.

पुढच्या खेपेला जहाजाचा तांडेल, म्हणजे मुख्य, स्वतः होडीतून उतरला. रागाने लाल झालेला. "आवडाबाई कोण?" त्याने धक्क्यावरूनच विचारलं, आणि लोकांनी बोट दाखवताच तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. "आजारी पडलेले सगळे तुझं नाव घेतात!"

आवडाबाईने माठातलं सरबत पेल्यात ओतलं, आधी स्वतः घोटभर प्यायली, मग पेला त्याच्यापुढे धरला. तांडेल प्यायला. तो थबकला. त्याने आजारी पडलेल्या एका खलाशाला पुढे बोलावलं.

"हेच का रे?"

"नाही तांडेल. ही चव वेगळी. आम्ही पलीकडे बसलो होतो. त्या पाटीखाली."

तांडेलने पाटी वाचली आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. बाबलशेट दाराआड लपला होता.

तांडेलने तिथेच हुकूम दिला. आजपासून एकही प्रवासी गल्लीत पाऊल टाकणार नाही. धक्क्याच्या टोकाला दोर बांधायचा, त्याच्या आतच राहायचं. मग तो आवडाबाईकडे वळला. "तू मात्र दोराच्या आत ये. धक्क्यावर तुझं दुकान टाक. बाकी कोणी नाही, तू एकटी."

सुलक्षणाने आवडाबाईला बाजूला घेतलं.

"घेऊ नका असं मी म्हणणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचा हक्कच आहे तो. पण मी त्या माणसांशी बोलले आहे, आवडाबाई. ती सरबतासाठी उतरत नाहीत. गाव बघायला उतरतात."

"गाव?" आवडाबाईचा इतक्या दिवसांचा संताप बाहेर पडला. "या गावाने माझं सरबत घेतलं, माझे घावन घेतले, शिंपल्या घेतल्या. शेवटी नावसुद्धा सोडलं नाही! एक लेकरू मरता मरता वाचलं आणि पाप माझ्या माथी आलं असतं. बसू दे आता गावाला हात चोळत. मी चालले धक्क्यावर."

आणि ती गेली. तिचं चूक होतं, असं कोण म्हणेल?

सुरुवातीला धक्क्यावर तिचं छान चाललं. सगळेच प्रवासी तिच्याकडे यायचे. पण सरबत पिऊन झालं की माणसं दोरापर्यंत चालत जायची, पलीकडच्या बंद गल्लीकडे बघायची आणि परत फिरायची. पूर्वी संध्याकाळपर्यंत थांबणारं जहाज दुपारीच शिडं उभारायला लागलं. मग त्याहून लवकर. होड्याही कमी येऊ लागल्या, कारण निम्मे प्रवासी उतरेचनात.

एके दिवशी तांडेल तिच्या दुकानात येऊन बसला. जरा अवघडला होता. "पुढच्या हंगामात आम्ही उत्तरेच्या बंदराला जायचं म्हणतोय," तो म्हणाला.

"माझं सरबत आवडत नाही का आता?"

"सरबत फार छान आहे गं बाई. पण नुसत्या सरबतासाठी नांगर कोण टाकतं?"

आवडाबाईला सुलक्षणाचं बोलणं आठवलं, आणि आठवलं म्हणून आणखीच राग आला. स्वतःचाही आला. मग ती म्हणाली, "पुढच्या खेपेला एकदा तो दोर सोडा. लोकांना गल्लीत जाऊ द्या."

"पुन्हा? कोणाच्या भरवशावर?"

"माझ्या. कोणाच्या केसाला जरी धक्का लागला तरी हे दुकान उचला. मीही पुन्हा तोंड दाखवणार नाही."

त्या दिवशी ती सुलक्षणाला बरोबर घेऊन गल्लीत शिरली. मन निवळलं होतं असं समजू नका. ती तणतणतच शिरली आणि पहिली बाबलशेटच्या दारात उभी राहिली.

बाबलशेट ओसरीवर बसला होता. खूप वाळला होता. त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "आवडे, त्या पोराचं पोट बरं झालं का गं?"

ती भांडायला आली होती. "झालं बरं," ती म्हणाली. "आता सांगा, तुम्हाला काय येतं?"

"सरबत येतं. घावन येतात."

"ते माझं येतं तुम्हाला! तुमचं काय येतं?"

बाबलशेट आपले हात उलटसुलट करून बघायला लागला. "काथ्याचा दोर वळता येतो," तो शेवटी म्हणाला. "बाबांनी शिकवला. गलबतं बांधायचे त्या दोराने. पण ते कोण बघायला येणार? दोर काय बघायचा असतो?"

"बघतील."

"नाही बघणार."

"अहो, बघतील!" सुलक्षणा आणि आवडाबाई एकदमच ओरडल्या.

जाळीवाल्याकडे तेच झालं. कुंभाराकडे तेच. प्रत्येकाला आपल्या हातातलं सोडून दुसऱ्याचं सगळं येत होतं. फुलवाली म्हणाली, "माझी सुरंगीची वेणी? ती तर रोजचीच आहे!" दोघी बोलून बोलून दमल्या. घसे बसले. आवडाबाईने दोनदा सगळं सोडून घरी जायची धमकी दिली. पण जहाज यायच्या दिवशी गल्लीत सरबताची एकही चटई नव्हती. आवडाबाईची तेवढी होती, तिच्या जुन्या जागी, उंडीखाली.

दोर सोडला गेला. प्रवासी बिचकत बिचकत आत आले. बाबलशेट अंगणात काथ्या वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही, भीतीच वाटत होती त्याला. एक जाडजूड गृहस्थ थांबले, वाकून बघायला लागले, आणि म्हणाले, "मी करू का?" त्यांनी वळलेला दोर सुटला. पुन्हा वळला, पुन्हा सुटला. त्यांची बायको हसायला लागली. तिने वळून बघितला, तिचाही सुटला. मग बाबलशेट हसला. त्याने त्यांचे हात धरून पेड कसे दाबायचे ते दाखवलं. बघता बघता अंगण भरलं. पलीकडे कोणी चाकावर माती थापत होतं, कोणी जाळ्याची गाठ सोडवत बसलं होतं, आणि देवळाकडून सुरंगीचा वास येत होता. जहाजावरच्या बायका केसांत वेण्या माळून मिरवत होत्या.

दुपार टळली. आवडाबाई पुनःपुन्हा जहाजाच्या शिडांकडे बघत होती. शिडं उतरलेलीच होती.

तांडेल गल्लीतून फिरून तिच्याकडे आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बाबलशेटचा दोर होता. "माझी माणसं अजून निम्म्या गल्लीतसुद्धा पोचलेली नाहीत," तो कुरकुरल्यासारखं म्हणाला. "आज काही संध्याकाळच्या भरतीला निघता येत नाही. उद्या सकाळी निघू. आणि पुढच्या हंगामाचं म्हणशील, तर खोलीबिली मिळते का बघ इथे, रात्रीच्या मुक्कामाला."

सुलक्षणा राजाकडे परत गेली. बंदर नीट चाललं. माणसं काही एका दिवसात बदलली नाहीत. पुढच्याच आठवड्यात कुंभार हळूच काथ्या घेऊन बसलेला दिसला आणि बाबलशेट त्याच्यावर असा काही भडकला की आवडाबाईला घरात जाऊन पदर तोंडाला लावावा लागला. पण जहाज येत राहिलं, आणि ज्याच्या त्याच्या दारात ज्याचं त्याचं काहीतरी होतं.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य: शेजाऱ्याचं उचलून आपलं दुकान चालत नाही, आणि शेजाऱ्याचं बंद पाडूनही चालत नाही. आपल्या हातात काय आहे ते आधी बघावं.