गिटारची मान

वाद्यं माणसांपेक्षा जास्त बोलत, त्या काळची गोष्ट. एका ऑर्केस्ट्रात एक इलेक्ट्रिक गिटार होती. तारांच्या ओढीने तिची मान वाकली होती, सूर बिघडले होते. आज सुधारली नाही, तर तिची रवानगी माळ्यावर होणार होती.

"किती संस्कारी पोर! मान कशी झुकलेली," पेटीआजी कौतुकाने म्हणाल्या.

"संस्कार कसले? तारा ओढतायत. मी करते सरळ," स्क्रू पिळायची, काटकोनात वाकलेली अ‍ॅलन की म्हणाली.

"स्वतः वाकडी, आणि दुसऱ्याला सरळ करणार!"

"आजी, मी जन्मतःच वाकडी आहे. हिला वाकवलंय."

अ‍ॅलन कीने मानेच्या आतली सळई हळूच पिळली. मान सरळ झाली.

"अगं बाई, उद्धट झाली!" पेटीआजी ओरडल्या.

"हो, आजी," गिटार म्हणाली. पहिल्यांदाच सुरात.