राजाचा परवलीचा शब्द

शेजारच्या राजांकडून तुंगसेन महाराजांच्या दरबारात जुन्या कपड्यांची गाठोडी येऊन पडली. सोबत निरोप होता : "आपण परमुलखात लुटले गेलात आणि अंगावर केवळ पंचा उरला आहे, हे आपल्या ई-पत्रावरून कळले. तूर्त यावर भागवावे."

महाराजांनी असे पत्र धाडलेच नव्हते. कोणा ठगाने त्यांच्या संगणकात शिरून त्यांच्याच नावाने हे आर्जव देशोदेशी पाठवले होते.

"वाड्यात चोर शिरलाच कसा? देवडीवर कोण होते?" महाराज कडाडले.

देवडीवर कोंडाजी होता. चोर आत शिरला म्हणजे द्वारपाल दोषी, हा प्रधानजींचा न्याय. "ज्याने चोराला दार उघडून दिले, त्याने उद्या सूर्यास्तापूर्वी राज्याची सीमा ओलांडावी," अशी शिक्षा ठरली.

म्हाताऱ्या कोंडाजीने भाला उतरवून ठेवला. ते पाहून त्याची मुलगी साळू पुढे झाली. ती देवडीवरच लहानाची मोठी झालेली. येणारा कितीही थोर असो, "कोण? कोठून? कशासाठी?" असे विचारल्यावाचून आत सोडायचे नाही आणि परवलीचा शब्द रोज बदलायचा, हा तिथला रिवाज तिच्या अंगी मुरलेला.

"महाराज, चोर ज्या दाराने आला ते एकदा पाहू द्यावे."

संगणकाभोवती भालाईत उभे होते. पडद्यावर राजपुरोहितांनी लिंबू-मिरची टांगली होती.

"विषाणूंना अडवणारी काही व्यवस्था?" साळूने विचारले.

"होती," प्रधानजी म्हणाले. "परंतु ती ऊठसूट 'हे उघडू नका' म्हणे. महाराजांना नको म्हणणारी ती कोण? काढून टाकली."

"परवलीचा शब्द केव्हा बदलला?"

"राज्यारोहणापासून एकच आहे," महाराज म्हणाले. "राजे शब्द फिरवत नसतात, पोरी."

"आणि कोणती पत्रे उघडता?"

"ज्यांवर आमची संपूर्ण बिरुदावली असेल ती सर्व. बिरुदे उच्चारणाऱ्यास विन्मुख धाडू नये, हा आमच्या घराण्याचा दंडक."

साळूने मान डोलावली. "दार उघडणारा उद्या दुपारी समोर उभा करते. शिक्षा मात्र हीच राहील ना?"

"कोणीही असो, हीच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांना ई-पत्र आले : "रिपुकुलकाल, विद्यावारिधी, प्रजाजनकल्पतरू श्रीमन्महाराज तुंगसेन यांस 'भूपालचूडामणी' हे पद अर्पण करण्याचे ठरले आहे. स्वीकारार्थ खालील चौकटीत परवलीचा शब्द लिहावा." महाराजांनी ते पुन्हा पुन्हा वाचले, मिशा विंचरल्या आणि शब्द लिहिला.

दुपारी भर दरबारात महाराजांच्या नावाने प्रधानजींना ई-पत्र आले. त्यांनी ते मोठ्या आवाजात वाचायला घेतले. "कोंडाजी निर्दोष आहे. दार मीच उघडले. आज सूर्यास्तापूर्वी मी सीमा ओलांडीन." शेवटचे वाक्य वाचून त्यांनी चमकून महाराजांकडे पाहिले.

"हे आम्ही लिहिलेले नाही!" महाराज ओरडले.

"मी लिहिले, महाराज. देवडीवरच्या संगणकावरून," साळू म्हणाली. "चूडामणीचे पत्रही माझेच. बिरुदे मी रचली. शब्द मात्र आपण दिलात. माझे वडील बाहेरून येणाऱ्याला अडवतात. आतून मिशा विंचरून कडी काढणाऱ्याला अडवण्याचा हुकूम त्यांना कधी मिळाला नव्हता."

साळूने नम्रपणे खिडकीबाहेर पाहिले. "सूर्यास्ताला अवकाश आहे. प्रवासाची चिंता नसावी. कपड्यांची गाठोडी आलेलीच आहेत."

महाराज क्षणभर लालबुंद झाले, आणि मग असे हसले की मुकुट घरंगळून प्रधानजींच्या मांडीवर पडला. कोंडाजीला देवडी परत मिळाली आणि राजाच्या टपालाची देवडी साळूकडे आली.

संध्याकाळी साळूला ई-पत्र आले. मथळा होता : "अभिनंदन! आपणांस बागेजवळचे घर बक्षीस मिळाले आहे. येथे कळ दाबा. तुंगसेन." तिने ते न उघडताच पुसून टाकले.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज स्वतःच घराची किल्ली घेऊन देवडीवर आले. कोंडाजीने भाला आडवा धरला.

"कोण? कोठून? कशासाठी?"

"तुंगसेन. वाड्यातून. बक्षीस द्यायला," महाराज हसू दाबत म्हणाले.

"परवलीचा शब्द?"

महाराजांनी मागेपुढे पाहिले, कोंडाजीच्या कानाशी वाकले आणि उभ्या आयुष्यात प्रथमच नवा शब्द सांगितला.