शब्दाचं वजन

बाजार समितीचे सभापती अण्णासाहेब रणनवरे यांना आपल्या वजनाचा फार अभिमान. वाढदिवसाला त्यांनी मुलींच्या वसतिगृहात स्वतःची गूळतुला ठेवली आणि ते माइकवरून गर्जले, "माझ्या वजनाचा, म्हणजे एक क्विंटल गूळ देतो! पुरते शंभर किलो! हा माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दाला तालुक्यात वजन आहे!"

आपण क्विंटलभर भरणार, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. तराजूला विचारलं नव्हतं.

दहा-दहा किलोच्या दहा ढेपा आणलेल्या. अण्णासाहेब एका पारड्यात बसले, दुसऱ्यात ढेपा चढू लागल्या. सातवी ढेप ठेवली आणि दोन्ही पारडी एका पातळीत आली. फेट्याहारासकट अण्णासाहेब भरले सत्तर किलो!

मांडवात खसखस पिकली. अण्णासाहेब तापले. "तुला म्हणजे वजनाइतकंच! उरलेल्या तीन ढेपा गाडीत टाका."

मुलींच्या सकाळच्या लापशीचा गूळ चालला होता. अधीक्षिका वेणूताई पुढे आल्या.

"थांबा अण्णासाहेब, मोजणी अजून संपली नाही. अंगाचं वजन झालं, शब्दाचं राहिलंय. त्याला वजन आहे, असं मघाशी तुम्हीच म्हणालात. ढेपा परत न्यायच्या तर ते शून्य धरावं लागेल. माइकवर तसं सांगू का?"

अण्णासाहेबांनी माइककडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि ते पुटपुटले, "राहू द्या त्या ढेपा."

लापशी वर्षभर गोड झाली. शिवाय मुलींना नवं कोष्टक पाठ झालं: शंभर किलोंचा एक क्विंटल, आणि तीस किलोंचा अण्णासाहेबांचा एक शब्द.