कुंचीचा गोंडा

टाके बोलत आणि दोरे रुसत, त्या काळची गोष्ट. भाचीच्या बारशासाठी गोदूआत्या कुंची शिवत होती. हनुवटीखाली बांधायच्या नाडीला लावायला तिनं लाल लोकरीचा गोंडा केला, तर त्यानं नाकच मुरडलं.

“तिथं लाळेत लोंबू? सुईबाई, मला शेंड्यावर बसवा. चारचौघांत दिसायला नको?”

“बसा की!” सुई हसली. “पण मग उतरवा म्हणू नका हं.” आणि आत्याची नजर चुकवून तिनं त्याला शेंड्यावर टाचलं.

बारशाला बायकांनी गोंड्याचं तोंडभर कौतुक केलं. तो फुगून दुप्पट झाला. मग आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि त्याला पाळण्यात उताणं निजवलं. कुंचीचा शेंडा डोक्याखाली गेला, गोंड्यासकट. वर बाळाच्या मुठीत नुसती नाडी आली. ती चोखता चोखता बाळ असं खुदकन हसलं, की साऱ्याजणी पाळण्यावर वाकल्या.

कुंची उतरवली तेव्हा गोंड्याची पार भाकरी झाली होती. नाडी लाळेनं चिंब, पण काय तिची ऐट!

गोंड्यानं दबलेली लोकर जरा फुलवून पाहिली. मग हळूच म्हणाला, “सुईबाई, लाळ काही इतकी वाईट नसते म्हणतात. खरं का हो?”